पाहुण्याच्या गाडीला जॅमर

१

जॅमर आमचाच होता. पिवळा, तीन नंबरचा. आकडा मीच रंगवलेला, ब्रश जाड म्हणून तीनचं पोट जरा सुटलेलं. लांबूनच ओळखला आन् पळत सुटलो.

कारण तो ज्या गाडीच्या चाकाला लागला होता, ती विद्यापीठाच्या पाहुण्याची गाडी होती. गेस्ट हाऊसच्या पुढं, 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी, त्या पाटीखाली पट्ट्याच्या आत सरळ उभी. तिला जॅमर लावायचा हक्क कुणाच्या बापाला नव्हता.

पाहुणे सर शेजारीच उभे. नागपूरचे. मे महिन्यातलं दहा चाळीसचं ऊन, आन् माणूस कोट घालून. तोंड नुसतं लालबुंद.

"तुम्हीच का ते जॅमरवाले?"

"व्हय साहेब. चूक झाली. एक मिनिटात काढतो."

"एक मिनिट? पंचवीस मिनिटं उभा आहे मी इथं! चोराची गाडी धरावी तशी माझी गाडी धरलीत!"

मी खाली बसलो. कमरेची चावी लावली, जॅमर सोडवला. चाकाच्या रिंगला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, तेबी ओढून काढलं. हाताला कायतरी बुळबुळीत लागलं, ते पँटीला पुसलं. वरून सर बोलतच होते, मला मान वर करायची लाज वाटत होती.

"साहेब, आता गाडी मोकळी हाय. डिपार्टमेंटला चला. सगळे वाट बघायले."

"डिपार्टमेंटला?" ते गाडीत बसले. "मी नागपूरला निघालो. सांगा तुमच्या लोकांना."

गाडी गेली. धुरळा माझ्या डोळ्यात गेला.

आता तुम्ही म्हणाल, पाहुणा रुसला, जाऊ दे, त्यात एवढं काय. तर ऐका. ते सर त्या दिवशी एका पोरीची पीएचडीची तोंडी परीक्षा घ्यायला आले होते. सात वर्षं खपली होती ती पोरगी. सकाळी घरून निघताना तिच्या आईनं तिच्या हातावर दही ठेवलं, घसा कोरडा पडू नये म्हणून सब्जा घातलेल्या पाण्याची बाटली काठोकाठ भरून दिली, आन् दारात उभं राहून दुवा मागितली. मला साधं पाणी. मला सब्जा चालत नाय, दातात बसतो.

ती पोरगी माझी शकीला.

माझ्याच जॅमरनं माझ्याच लेकीची परीक्षा बुडवली.

२

मी इब्राहीम. शाळा चौथीपर्यंत. पोटापाण्याला आधी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर होतो, मग वीस वर्षं विद्यापीठाच्या सिक्युरिटीत. गेली सहा वर्षं नो-पार्किंगमधल्या गाड्यांना जॅमर लावायचं काम माझ्याकडं. पोरं मला जॅमरचाचा म्हणतात, मागून आणखी कायबाय म्हणतात, ते मी ऐकू न आल्यासारखं करतो. माझ्या जोडीला कारभारी. पडेगावचा, आठवी पास, म्हणून चिठ्ठी त्यानं लिहायची आन् चावी मी सांभाळायची. वीस वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो.

आमचे साहेब काकासाहेब, फौजेतून आलेले. त्यांनी मला समोर उभं केलं.

"इब्राहीम, कुलगुरूंचा फोन येऊन गेला. संध्याकाळी पाचला रिपोर्ट द्यायचाय. त्यात एक नाव पाहिजे. ज्यानं लावला त्याचं. तो माणूस उद्यापासून ह्या गेटच्या आत दिसणार नाय."

"साहेब, मी तर साडेनवापासून मेनगेटवर. परीक्षेची गर्दी होती. पन्नास जणांनी बघितलं."

"चावी कुणाकडं असती?"

"माझ्याकडं. पण साहेब, लावायला चावी लागतच नाय. दाबलं की खटकन् बंद. चावी फक्त काढायला. आन् जॅमर तर चौकीच्या मागं खुंटीला उघडेच."

"म्हणजे कुणीबी लावू शकतो."

"कुणीबी नाय साहेब," मी म्हणलं. आन् तिथंच माझ्या डोक्यात किडा शिरला.

त्याचं असं. तीन वर्षांमागं एका मॅडमनी तक्रार केली, जॅमरनं रिंगला चरा पडला म्हणून. तवापासून आम्ही आधी रिंगला गोणपाटाचा तुकडा गुंडाळतो, आन् तो ओला करून. कोरडं गोणपाट सरकतं, ओलं चिकटून बसतं. ही रीत कुठं लिहिलेली नाय. आमच्या हाताची सवय हाय. पोरांपैकी कुणी चेष्टेनं जॅमर उचलून लावला असता, तर नुसतं लोखंड अडकवून पळालं असतं. गोणपाट कोण भिजवत बसतंय?

"दुसरं असं साहेब, मी काढलं तवा गोणपाट ओलं होतं. ह्या उन्हात ओलं गोणपाट अर्ध्या-पाऊण तासात पापडावानी कडक होतं. मी काढलं दहा चाळीसला. म्हणजे दहाच्या आधी लावलेलंच नाय. सर बाहेर आले सव्वादहाला. तेवढ्या पंधरा मिनिटांतलं काम हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "तू हवालदार व्हायला पाहिजे होतास. जा, शोध. पाचला नाव आण. नाय आणलंस तर चावी तुझ्या कमरेला होती, एवढंच मी लिहीन."

आधी पोरीकडं गेलो. डिपार्टमेंटच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती, मलाच रडू यायला लागलं. हातात बाटली, रिकामी. मी व्हरांड्यातल्या माठातून भरून दिली. तिनं घटाघटा पिली.

"बेटा, ज्यानं हे केलं त्याला मी सोडणार नाय."

"जाऊ दे ना अब्बा," ती म्हणाली. "होतं असं. पुढची तारीख मिळंल."

"तारीख मिळंल, पण माझं तोंड कुठं लपवू? माझा जॅमर होता तो!"

तिनं माझ्याकडं बघितलं नाय. मला वाटलं, माझ्यावर रागावली. बरोबरच हाय.

३

गेस्ट हाऊसचा खानसामा सांडू. ह्या माणसाला माझ्यावर खुन्नस. मार्चमधी त्याच्या फटफटीला मी साखळी लावली होती, तवा त्यानं मला भर रस्त्यात असल्या शिव्या घातल्या की दोन प्राध्यापक त्या लिहून घ्यायला वही काढून उभे राहिले असते.

"या जमादार," तो म्हणला. "आता माझ्या पोह्याला जॅमर लावायला आलात का?"

"सांडू, चेष्टा बंद. दहा ते सव्वादहा तू कुठं होतास?"

"सरांच्या बोकांडी! अन् कुठं? पोहे खाल्ले, मग म्हणले आम्लेट. आम्लेट खाल्लं, मग म्हणले चहात साखर जास्त. दुसरा केला. हात धुवायला पाणी मागितलं तर पाणी कुठं होतं? नळाला आठ दिवस झाले. टँकर अकराला आला. जारमधलं गलासभर दिलं, त्यावरून अर्धा तास भाषण."

"पाणी नव्हतं?"

"थेंब नव्हता. बागेचा नळबी कोरडा. ताटं तशीच पडली होती, बघा ना."

मी बघितलं. पडली होती. त्याचा हेल्पर, झाडूवाल्या भागूबाई, सगळ्यांनी सांगितलं, सांडू सरांच्या समोरून हलला नाय. सांडू सुटला.

पण पाण्याचं माझ्या डोक्यात राहिलं. गेस्ट हाऊसला थेंब नाय, तर गोणपाट भिजवलं कुठं? आमच्या चौकीत ड्रम असतो, तिथंच आम्ही भिजवतो. म्हणजे ज्यानं लावला तो चौकीतून गोणपाट भिजवूनच आला. चौकीतला माणूस. किडा आणखी आत शिरला.

मग गेलो बद्रीनाथकडं. हा शकीलाच्याच हाताखाली, म्हणजे तिच्या मागून पीएचडी करणारा. गारखेड्याला खोली करून राहतो. एका कॉलेजात एकच जागा निघाली होती, दोघांनी अर्ज केलेला. जूनच्या आत पोरीची पीएचडी झाली तर नोकरी तिची, नाय तर ह्याची. परीक्षा बुडाली तर फायदा कुणाचा? त्याचाच.

तो परीक्षेच्या हॉलमधी खुर्च्या परत रचत होता.

"चाचा, लई वाईट झालं," तो म्हणला.

"तुझं तर बरं झालं की."

त्यानं खुर्ची खाली ठेवली. "तुम्ही असं बोलावं? साडेनवापासून मी अन् गाईड सर इथंच. टेबलं लावली, पंखा लावला, गुच्छ आणला. विचारा सरांना."

विचारलं. खरं होतं.

"हे पाहुणे इतके कसे तापट रे?"

"सगळ्यांना माहिती हाय चाचा. मागं एका विद्यापीठात गेटवर गाडी अडवली म्हणून तिथूनच माघारी गेले होते. गाईड सरांनी आठवडाभर आम्हा सगळ्यांना बजावलं होतं, त्यांच्या मनासारखं करा. पाहुण्यांनी पत्र धाडलं होतं, दोनशे बायकांच्या मुलाखतींचे फॉर्म टेबलावर मांडून ठेवा, मी एकेक बघणार. म्हणून तर एवढी टेबलं. शकीला दीदी फॉर्म आणायला साडेनवाला परत घरी गेली. दहा वीसला आली, म्हणाली घाईत सापडले नाहीत."

बिचारी, मला वाटलं. सात वर्षांचं काम आन् ऐन वेळंला फॉर्म सापडू नयेत. घाबरली असंल.

बद्रीनाथ सुटला. आता राहिला एकच माणूस, ज्याला गोणपाटाची रीत माहीत होती, जो चौकीत होता, आन् ज्याला मी अजून कायच विचारलं नव्हतं.

विचारायची माझी छाती होईना.

४

कारभारी चौकीत बसून चिठ्ठ्यांच्या बुकावर नुसताच पेन फिरवत होता.

"दहा वाजता कुठल्या साइडला होतास?" मी विचारलं. रोजच्यासारखंच विचारलं, पण आवाज माझा मलाच वेगळा वाटला.

"राउंडला. लायब्ररीकडं."

"लायब्ररीच्या रस्त्यानं?"

"व्हय."

त्या दिवशी सकाळी आठपासून लायब्ररीचा रस्ता बंद होता. डांबर टाकत होते. दोरी बांधलेली, रोलर आडवा. माणूससुद्धा पलीकडं जाऊ देत नव्हते. कारभारीला ते कळायचं कारण नव्हतं, कारण तो तिकडं गेलाच नव्हता.

वीस वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. माझ्या बापाच्या मयतीला खांदा देणारा माणूस. मी त्याच्या पोरीच्या, मनकर्णाच्या लग्नात मांडवात पाणी वाढलेलं. आन् मग ते लग्नच आठवलं. मनकर्णा हुशार होती, दहावीला शकीलापेक्षा जास्त मार्क. तरी यानं अठराव्या वर्षी उजवली. नंतर एकदा डबा खाताना म्हणला होता, "तुझी शिकली इब्राहीमभाई. माझी बी शिकली असती." मी तवा हसलो होतो.

आता हसू येईना. मनात म्हणलं, सात वर्षं ह्यानं माझ्या पोरीचं शिकणं बघितलं, आन् सात वर्षं हे आत ठेवलं.

मी त्याला कायच बोललो नाय. सरळ साहेबांकडं गेलो. गोणपाटाची रीत, चौकीतलं पाणी, बंद रस्ता, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी नाव सांगितलं.

साहेबांनी कारभारीला बोलावलं. मी तिथंच उभा.

"कारभारी, इब्राहीम म्हणतो जॅमर तू लावला."

कारभारीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाय. एखादा माणूस आपल्याच घराचा नंबर वाचतो तसं, सावकाश.

"इब्राहीमभाई म्हणतो का असं?"

"व्हय," मी म्हणलं. "म्हणतो."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पट्टा काढला. शिट्टी काढून टेबलावर ठेवली.

"मग लावला आसंल साहेब. मीच लावला."

५

मला वाटलं होतं, पकडलं की बरं वाटंल. नाय वाटलं. चौकीत येऊन बसलो, त्याची चप्पल कोपऱ्यात, त्याचा डबा खुंटीला. डबा उघडायची वेळ होऊन गेली होती.

तीन वाजता साहेबांचा फोन. "इब्राहीम, नुसत्या तोंडच्या कबुलीवर भागत नाय. उद्या म्हणंल, दबावाखाली बोललो. ते गोणपाट वाळायचं तू म्हणतोस ना, ते करून दाखव. तेच गोणपाट घे, भिजव, उन्हात धर, घड्याळ लाव. मी येतो फोटो काढायला."

गोणपाट मी सकाळीच दोरीवर टाकलेलं होतं. वाळून कडकडीत. त्याच्यावर जागोजागी काळे ठिपके चिकटलेले, मोहरीपेक्षा बारीक. मला वाटलं, गोणीतला कचरा असंल. बादलीत पाणी घेतलं आन् गोणपाट बुडवलं.

साहेबांची वाट बघत बसलो. नजर बादलीत.

पाच-सात मिनिटं गेली असतील. ते काळे ठिपके फुगायला लागले. एकेका ठिपक्याभोवती पांढरट, पातळ कवच चढायला लागलं. आधी मला कळंना. जवळ वाकलो. बोटानं एक काढला. बुळबुळीत. सकाळी पँटीला पुसलं होतं तेच.

सब्जा.

गोणपाट चौकीतल्या ड्रममधी भिजवलेलंच नव्हतं. ते बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं होतं. सब्जाच्या पाण्यानं.

मी मोबाइल काढला. घरी लावला, दोनदा दुसऱ्यालाच लागला. शेवटी मेहरुन्निसानं, पोरीच्या आईनं उचलला.

"शकीला सकाळी साडेनवानंतर परत घरी आली होती का? कागद न्यायला?"

"नै जी," ती म्हणाली. "वो तो सुबो गई सो गई. क्यूं? इम्तेहान हो गया क्या?"

मी फोन ठेवला. सकाळी मी पोरीची रिकामी बाटली माझ्या हातानं भरली होती. आमच्या गोणपाटाच्या तिन्ही तुकड्यांच्या कडा तिनंच घरच्या मशीनवर शिवून दिल्या होत्या, दोरे निघतात म्हणून. रोज स्कूटीवर मला उतरवून पुढं जायची, कधी थांबून मी गाड्यांना जॅमर लावताना शेजारी उभी राहायची. रीत दोघांनाच माहीत हाय, असं मी साहेबांना छाती ठोकून सांगितलं होतं.

लांबून साहेबांची जीप येताना दिसली. मी बादली उपडी केली. गोणपाट घडी करून शर्टच्या आत घातलं. ओलं, थेट छातीला.

"काय रे, केलं का?" साहेब म्हणले.

"साहेब, मला तासभर द्या."

"पाचला रिपोर्ट हाय, इब्राहीम."

"त्याच्या आधी येतो."

६

शकीला डिपार्टमेंटच्या मागच्या कडुनिंबाखाली होती. मी तिच्या पुढ्यात गोणपाट टाकलं. आम्ही घरात दखनी बोलतो, पण तुम्हाला मराठीतच सांगतो.

तिनं गोणपाट बघितलं. लगेच कळलं तिला. हुशार पोरगी.

"अब्बा, बसा."

"मी उभाच बरा. सांग."

"दोनशे बायका नाहीत अब्बा," ती म्हणाली. "चौसष्ट आहेत. घरी बसून शिलाई करणाऱ्या बायका मी खरंच शोधल्या, गल्ल्या गल्ल्या हिंडले. पण नोकरीची जाहिरात आली, वेळ संपली, अन् बाकीचे मी घरी बसून भरले. मीच प्रश्न, मीच उत्तर. मला वाटलं कोण बघतंय? आजवर कुणी बघितलं नव्हतं. मग पत्र आलं, सगळे फॉर्म टेबलावर मांडा."

"मग?"

"एकाच पेनानं, एकाच अक्षरातले एकशे छत्तीस फॉर्म. त्यांनी पहिल्या पाचात पकडलं असतं. मला फक्त महिनाभर पाहिजे होता अब्बा. महिन्यात मी खऱ्या बायका गाठल्या असत्या. पाहुणे रागावून गेले की तारीख पुढं जाते. दुसरा कुणाचा जीव थोडाच जात होता."

"जॅमर माझा होता."

"तुम्ही मेनगेटवर होता. पन्नास लोकांनी बघितलं होतं. तुमच्यावर येणार नाही, हे बघूनच मी केलं. स्कूटीवर पायात ठेवला, गोणपाट टाकलं वर. तिथं गेल्यावर रिंगला चरा पडंल म्हणून..." ती थांबली. "सवयीनं केलं."

ऐका, मला त्या क्षणी सगळ्यात जास्त ते लागलं. खोटे फॉर्म नाय. पाहुणा नाय. ज्या माणसाला अडवायचं, त्याच्या गाडीला चरा पडू नये म्हणून तिनं काळजी घेतली. ती माझ्याकडून शिकलेली. आन् पुढं दुसऱ्या कुणाचं काय होईल ह्याची काळजी मात्र तिनं घेतली नव्हती.

"कारभारीचं कळलं का तुला?"

"हो."

"कधी?"

"दीडला. बद्रीनाथनं सांगितलं."

"आन् तू इथं झाडाखाली बसलीस."

ती उठली. माझा हात धरला. "अब्बा, कारभारीकाकांनी मला तिथं बघितलं होतं. रस्त्याच्या पलीकडं उभे होते. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला. तरी त्यांनी अंगावर घेतलंय. स्वतःहून. त्यांना दुसरीकडं वॉचमनची नोकरी मिळंल. मला दुसरी पीएचडी मिळणार नाही. राहू द्या ना."

मी हात सोडवून घेतला. हळूच सोडवला. लेक हाय शेवटी.

"त्यांनी अंगावर घेतलं नाय शकीला," मी म्हणलं. "मी त्यांच्या अंगावर टाकलं."

७

पावणेपाचला साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. रिपोर्ट टाइप होऊन पडला होता. कारभारीचं नाव मला वाचता आलं.

"हे नाव खोडा साहेब."

"आता काय नवीन?"

"नाव चुकलं. मी चुकीचं दिलं." गोणपाट टेबलावर ठेवलं. सब्जा सांगितला, स्कूटी सांगितली, फॉर्म सांगितले. "नाव शकीला. माझी मुलगी. संशोधक विद्यार्थिनी."

साहेबांनी चष्मा काढला. फौजी माणूस, पण खिडकीकडं बघत बसला. "इब्राहीम, कारभारी कबूल झालाय. तो काय बोलणार नाय. तू बाहेर जा, पाणी पी, आन् पाच मिनिटं विचार कर. मी काय ऐकलं नाय."

"पाच मिनिटं नको साहेब. मघाशी मी पाच मिनिटांत एका माणसाचं नाव देऊन बसलो. लिहा."

त्यांनी लिहिलं. मला खाली सही करायला सांगितली. मी माझी सही चार अक्षरांची करतो, सावकाश करतो. त्या दिवशी आणखी सावकाश केली.

शकीलाचं रजिस्ट्रेशन विद्यापीठानं एक वर्ष थांबवलं. कॉलेजातली जागा बद्रीनाथला गेली. मेहरुन्निसा मला जेवायला वाढते, पण ताट ठेवून आत जाते. पोरगी आता सकाळी बॅग घेऊन निघते, गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांत बायकांची दारं वाजवत फिरते. तिच्या स्कूटीवर मी आता बसत नाय. मी सिटी बसनं येतो. ती थांबत बी नाय.

ते सगळं चालतं. जे चालत नाय ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारभारीला टोपी, पट्टा, शिट्टी परत मिळाली. मी चौकीत त्याची वाट बघत बसलो. जॅमर पुसून ठेवले, चहा मागवला, दोन कप. तो आलाच नाय. शेवटी मीच विचारत विचारत गेलो. तो मागच्या गेटवर होता, जिथं दिवसभरात पाच गाड्या जातात. स्वतः अर्ज करून तिकडं ड्युटी मागून घेतली होती.

"कारभारी, तू पोरीला बघितलं होतंस," मी म्हणलं. "मला सांगितलं का नाय?"

"सांगणार हुतो. दुपारी डबा खाताना. साहेबाच्या आधी तुला. म्हणून तर लायब्ररी म्हणालो, चौकीबाहेर दोन पोरं उभी हुती." तो गेटची साखळी हातात धरून उभा होता. "पण तू डब्यापर्यंत थांबलाच नाय."

"मी विचारलं तुला. कुठं होतास म्हणून विचारलं."

"तू मला रस्ता इचारला इब्राहीमभाई. 'कारभारी, तू असं केलं का', हे नाय इचारलं. इचारलं असतं तर मी हसलो असतो, तुला एक शिवी दिली असती, आन् खरं सांगितलं असतं."

"मग साहेबांपुढं कबूल का झालास?"

"तू म्हणालास ना, व्हय, म्हणतो." त्यानं खांदे उडवले. "वीस वर्षांत तू खोटं बोलला नव्हतास. मला वाटलं, पोरीसाठी खोटं बोलत आसंल. तुला समदं ठाऊक हाय आन् तू पोरीला वाचवायला माझं नाव देतोय, असं वाटलं मला. म्हणलं, ठीक हाय. मागतोय तर देऊ."

मी त्याला चोर समजलो होतो. त्यानं मला बाप समजलं होतं.

"मला ठाऊक नव्हतं रे," मी म्हणलं. "मला खरंच वाटलं, तू केलं."

तेवढ्यात एक गाडी आली. त्यानं साखळी खाली टाकली, गाडी आत घेतली, परत साखळी लावली.

"हे तू सांगायला नको हुतं," तो म्हणला. "ते जास्त लागलं."

मग तो गेटच्या पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. तिथं एकच खुर्ची होती.